गाडी कितीला रमते?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

लांबलचक, ठेंगणी, भारदस्त मोटारसायकल घेऊन सिग्नलला उभं राहिलं की शेजारच्या गाडीवरचा पोरगा हमखास विचारतो, "काका, किती पळते?" या प्रश्नाचं उत्तर स्पीडोमीटरच्या काट्यावर असतं, निदान तसं आपल्याला वाटतं. आज मला तुमच्याशी बोलायचंय ते त्याच्या शेजारच्या, पण जरा वेगळ्या प्रश्नाविषयी. गाडी किती पळते हे नव्हे, तर गाडी कितीला रमते? म्हणजे हमरस्त्यावर असा कोणता वेग असतो, की जिथे इंजिन ओरडत नाही, हाताला मुंग्या येत नाहीत, डोळे ताणले जात नाहीत आणि दोन तासांनी खाली उतरल्यावरही माणूस घरच्यांशी माणसासारखा बोलतो? गाडीवाल्यांच्या भाषेत याला क्रूझिंग स्पीड म्हणतात. मी त्याला आरामाचा वेग म्हणतो.

मी इंजिनिअर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला आणि पुढं कविता लिहीत बसलेला माणूस आहे. पण आकुर्डीत राहणाऱ्याला यंत्र टाळता येत नाही. माझे अब्बा इथल्या स्कूटरच्या कारखान्यात पेंट शॉपला होते. आमच्या घरी दख्खनी बोलली जाई, शाळेत मराठी, आणि अब्बांचे पाळीतले दोस्त चहाला आले की तिसरीच भाषा सुरू होई. क्लच, पिस्टन, बेअरिंग, टॉर्क. त्या भाषेतही एक लय असते, हे मला फार लवकर कळलं. पुढं चाळिशी ओलांडल्यावर मी क्रूझर घेतली आणि त्या लयीचा अर्थ कळू लागला.

आधी क्रूझर म्हणजे काय ते पाहू. हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. सरळसोट, मैलोन्‌मैल लांब रस्ते, आणि त्यांवर खुर्चीत रेलून बसल्यासारखं जायचं. १९०१ साली सुरू झालेली इंडियन आणि १९०३ सालची हार्ले-डेव्हिडसन या दोन कंपन्यांनी हा थाट घडवला. आपल्याकडे सामान्य माणसाच्या आवाक्यातली क्रूझर आणली ती मात्र आकुर्डीच्या कंपनीनं. ज्या बजाज ऑटोची ओळख चेतक स्कूटर म्हणून घराघरांत होती, तिनं जपानच्या कावासाकीबरोबर २००१ साली एलिमिनेटर नावाची पावणेदोनशे सीसीची क्रूझर बाजारात आणली. पुढं २००५ मध्ये त्याच बांध्याची ॲव्हेंजर आली. आधी १८० सीसी, मग २००, आणि २०१० पासून २२० सीसी. त्या गाडीच्या जाहिरातीत, ही चालवताना तुम्हाला देव झाल्यासारखं वाटेल, असं इंग्रजीत सांगितलेलं असे. मला ती जाहिरात पाहून हसू येई. देवपण ज्याचं त्याच्याकडं राहू द्यावं. आपण माणसं आहोत, आणि आजचा सगळा विषय माणसाच्या शरीराला काय झेपतं याचाच आहे.

आकुर्डीच्या कारखान्यातून मोटारसायकली आणि स्कूटर बाहेर पडणं २००७ साली थांबलं. नंतर २०२२ मध्ये तिथंच विजेवरच्या चेतकसाठी नवा कारखाना उभा राहिला. दरम्यान मोटारसायकलींचं मोठं काम चाकणला गेलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये आलेली ३७३ सीसीची डॉमिनार चाकणचीच. म्हणजे निगडीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात लांब पल्ल्याच्या गाड्या घडल्या, आणि त्या चालवणारी मुलंही इथंच वाढली. पण यात एक गंमत आहे. एलिमिनेटर आली त्याच सुमाराला, २००२ मध्ये, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. जवळजवळ ९५ किलोमीटरचा, देशातला पहिला सहापदरी द्रुतगती मार्ग. त्यावर दुचाकीला बंदी! पुढं समृद्धी महामार्ग झाला, तिथंही दुचाकीला प्रवेश नाही. आपल्या वाट्याला राहिला तो आकुर्डीच्या दारावरून जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, आणि देहूरोडहून कात्रजकडं वळून सातारा, कोल्हापूर, बेळगावला जाणारा हमरस्ता. पूर्वी त्याला चार नंबरचा म्हणायचे, आता तो अठ्ठेचाळीस नंबरचा आहे. गाडी कितीला रमते हे ठरवायचं ते या रस्त्यांवर. अमेरिकेच्या चित्रपटातल्या रस्त्यांवर नव्हे.

आता गाडीच्या बांध्याकडे पाहा. कारखान्यात सामान ढकलायची ट्रॉली असते. तिचं फिरतं चाक नेहमी आपल्या खुंटीच्या मागं मागं येतं आणि ट्रॉली सरळ चालते. क्रूझरचं पुढचं चाक याच तत्त्वावर चालतं. पुढचे शॉकअप बऱ्यापैकी तिरके, चाक पार पुढं, आणि दोन चाकांमधलं अंतर मोठं. ॲव्हेंजरचं हे अंतर १४९० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच फूट. आणि सीटची उंची ७३७ मिलिमीटर, म्हणजे अडीच फुटांहूनही कमी. अशी गाडी वेग घेतल्यावर आपोआप सरळ राहू बघते. हँडलला सतत सावरत बसावं लागत नाही. मात्र जी सरळ राहू बघते, ती वळायला तेवढीच नाखूश असते. खंडाळ्यासारख्या घाटात वळणावर गाडी जरा जास्त कलली की फूटरेस्ट रस्त्याला घासतात. तो आवाज गाडीनं दिलेला इशारा असतो. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही, की क्रूझरचा आरामाचा वेग सरळ रस्त्याला एक आणि वळणाला दुसरा असतो, आणि या दोहोंतलं अंतर इतर गाड्यांपेक्षा जास्त असतं.

वजनाचंही असंच आहे. आपण ज्याला जड म्हणतो ती ॲव्हेंजर दीडशे-एकशेसाठ किलोची. रॉयल एन्फिल्डची २०२० साली आलेली मीटिअर ३५० ही १९१ किलोची, आणि तिची मोठी बहीण सुपर मीटिअर ६५०, २०२३ सालची, २४१ किलोची. हार्लेच्या मोठ्या गाड्या तर तीनशेच्या पुढं जातात. हे वजन हमरस्त्यावर आपलं मित्र असतं. चाकणहून निघालेला कंटेनर शेजारून जातो तेव्हा तो हवेचा मोठा गोळा ढकलत येतो. हलकी गाडी त्या धक्क्यानं हातभर बाजूला सरकते, जड गाडी जेमतेम शहारते. पावसाळ्याच्या तोंडी साताऱ्याच्या उघड्या माळावर आडवा वारा सुटतो, तेव्हाही तसंच. पण हेच वजन थांबायच्या वेळी सावकारासारखं दारात उभं राहतं. त्याकडं मी पुन्हा येईन.

आता इंजिन. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो, त्याचा धक्का गाडीला बसतो. फेरे दुप्पट झाले की हा धक्का चौपट होतो. धक्का शमवायला बॅलन्सर नावाचा उलट फिरणारा दांडा बसवतात. तरी एका ठरावीक वेगानंतर आरसे थरथरू लागतात आणि मागून येणारी गाडी आरशात धुरकट दिसते. आरामाचा वेग ओळखायची ही सगळ्यांत स्वस्त खूण. आरसा स्वच्छ दिसतोय तोवर इंजिन राजी आहे. आरसा थरथरला, हाताला मुंग्या आल्या, की दहानं खाली या.

दोनशे-सव्वादोनशे सीसीची क्रूझर अगदी पिळून काढली तर ताशी ११५-१२० च्या आसपास जाते. पण माझा आणि ओळखीच्या चालवणाऱ्यांचा अनुभव असा, की ती रमते ७५ ते ८५ ला. साडेतीनशे सीसीची ८० ते ९० ला. चालवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: गाडीचा कमाल वेग काढा आणि त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास राहा. वरचा एक-तृतीयांश भाग खर्चायचा नसतो, तो हाताशी ठेवायचा असतो. घरखर्चात महिन्याचा सगळा पगार कुणी उडवत नाही, तसंच हे. चढ आला, समोरून वारा आला, मागं माणूस बसला, की ती शिल्लक कामाला येते.

हजार-बाराशे सीसीच्या वरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. मोठं इंजिन ताशी १०० ला मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपासच फिरत असतं. अगदी आळसावलेलं. तिथं प्रश्न इंजिनाचा उरतच नाही. उलट, अशा गाड्यांना आरामाच्या वेगाची खालची मर्यादाही असते. ताशी ५० ला वरच्या गिअरमध्ये ठेवलं तर इंजिन खोकल्यासारखं करतं, आणि हवेवर थंड होणारं इंजिन शहराच्या गर्दीत मांड्या भाजून काढतं. त्यामुळं मोठ्या क्रूझरवाल्याचं म्हणणं असतं, की माझी गाडी शंभराच्या खाली चालतच नाही. हे म्हणणं इंजिनाच्या बाजूनं निम्मं खरं आहे. पण गाडीवर इंजिनाशिवाय आणखी एक यंत्र बसलेलं असतं. तुम्ही स्वतः.

क्रूझरवर माणूस पाय पुढं टाकून, छाती उघडी ठेवून, हात लांब करून बसतो. म्हणजे तो शिडासारखा बसतो. शर्यतीच्या गाडीवरचा टाकीवर झोपतो. वारा त्याच्या पाठीवरून निघून जातो. क्रूझरवाल्याच्या थेट छातीवर येतो. आता वाऱ्याचा हिशेब साधा आहे. वेग दुप्पट, तर वाऱ्याचा दाब चौपट. ८० वरून १०० ला गेलात, म्हणजे वेग सव्वापट झाला. पण दाब दीडपटीहून जास्त वाढला. आणि तो दाब कापायला इंजिनाला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट झाली. पेट्रोल कुठं जातं असं आपण विचारतो, ते इथं जातं.

पण पेट्रोलपेक्षा महाग वस्तू खर्च होते ती शरीराची. शंभरला वारा तुम्हाला मागं ढकलत असतो आणि तुम्ही हँडलला धरून लोंबकळत असता. गाडी हाकायचे हात पकडून ठेवायच्या कामाला लागतात. अर्ध्या तासात मान आखडते, तासाभरात खांदे भरून येतात. भरीला आवाज. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा धरतात, त्याच्या पुढं कानाला संरक्षण द्यावं लागतं. ताशी शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचा आवाज ही मर्यादा सहज ओलांडतो. मशिन शॉपमध्ये कानात बोळे घालणारा आमचा कामगार सुट्टीच्या दिवशी त्याहून मोठ्या आवाजात चार तास डोकं घालून बसतो आणि त्याला विश्रांती म्हणतो! आवाजानं माणूस दमतो, आणि दमलं आहे हे दमलेल्या माणसाला सगळ्यांत शेवटी कळतं. पुढं मोठी काच बसवली की वारा बराच कमी होतो. जड क्रूझर दिवसदिवस चालवणारे लोक काच का लावतात, याचं उत्तर हेच आहे. काच नसेल तर गाडी तीनशे किलोची असो की दीडशेची, उघड्या छातीचा आरामाचा वेग दोघांचा जवळपास सारखाच असतो. नव्वदच्या पुढं शरीर तक्रार करू लागतं.

या संदर्भात मला अमेरिकेचाच एक दाखला द्यावासा वाटतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७४ च्या आरंभी, अमेरिकेनं देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली. ५५ मैल म्हणजे ८८ किलोमीटर. १९८७ मध्ये गावाबाहेरच्या मोठ्या महामार्गांवर ती ६५ पर्यंत शिथिल झाली आणि १९९५ मध्ये हा देशव्यापी नियम रद्द झाला. म्हणजे जवळजवळ तेरा वर्षं, त्या अफाट सरळ रस्त्यांवर, बाराशे सीसीच्या अगडबंब क्रूझरला कायद्यानं परवानगी होती ती ८८ चीच. सगळ्यांनी नियम पाळला असं कुणी म्हणणार नाही. पण क्रूझरचा थाट त्या काळात मेला नाही, हेही खरं. ज्या गाडीचं रूप पाहून आपली मुलं शंभर-सव्वाशेची स्वप्नं बघतात, तिच्या मायदेशीही तिचा रुबाब वेगावर उभा नव्हता.

आता आपला कायदा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत मोटारसायकलला दुभाजक असलेल्या चौपदरी हमरस्त्यावर कमाल ताशी ८० आणि शहरात ६० असा आकडा धरला होता. राज्यं आणि स्थानिक प्रशासन त्याहून कमी मर्यादा घालू शकतात. तेव्हा रस्त्याकडेचा फलक सांगेल तो शेवटचा शब्द. मला यात एक मौज वाटते. इंजिनाचं ऐकलं तरी ८०, छातीचं ऐकलं तरी ८०-९०, आणि कायद्याचं ऐकलं तरी ८०. तिघंही वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच पारावर बसलेत.

चौथा साक्षीदार आहे थांबायचं अंतर. मघाशी सावकार म्हटलं तो हा. समोर काही आडवं आलं तर डोळ्यांनी पाहून हात-पायांनी ब्रेक दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी आहे त्या वेगानं पुढं जातच असते. मग ब्रेक लागतो. कोरडा, चांगला रस्ता, चांगले टायर आणि सरावाचा हात धरून हिशेब केला, तर ताशी ६० ला गाडी थांबायला सुमारे ४८ मीटर लागतात. ८० ला ७४. १०० ला १०६. १२० ला १४३. मीटर डोळ्यांपुढं येत नसतील तर आपल्या रस्त्यावरचे चाळीस फुटी कंटेनर आठवा. ६० ला चार कंटेनर, ८० ला सहा, १०० ला जवळजवळ नऊ, आणि १२० ला बारा. तेवढी जागा तुमच्यापुढं मोकळी आहे का, हा खरा प्रश्न. एबीएस आलं, त्यानं चाक घसरायचं टळतं. पण दीड सेकंदाचा आणि वेगाच्या वर्गाचा हिशेब एबीएसला बदलता येत नाही. रस्ता ओला असेल तर हे आकडे आणखी वाढतात.

रात्रीचं तर विचारूच नका. डिपरवर ठेवलेला दिवा आपल्याला पुढचे चाळीस-पन्नास मीटर नीट दाखवतो. थांबायला ८० ला ७४ मीटर लागत असतील, तर आपण दिवसाच्या वेगानं रात्री जातो तेव्हा न दिसणाऱ्या जागेत गाडी घालत असतो. मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर, ऊस भरलेली बैलगाडी, बंद पडून उभा असलेला ट्रक. साखर हंगामात साताऱ्यापुढं हे सगळं भेटतं. म्हणून रात्री क्रूझर रमते ती ६० ला, तिचं इंजिन कितीही सीसीचं असो.

हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण एक आकडा सांगायलाच हवा. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणं २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. आणि एकूण मृत्यूंपैकी शंभरात एकाहत्तर अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. यातला प्रत्येक जण कुणाच्या तरी घरून, येतो म्हणून निघाला होता.

माझा भाचा इथल्याच एका कारखान्यात नोकरीला आहे. पहिल्या बोनसला त्यानं क्रूझर घेतली आणि तीन दोस्तांबरोबर कोल्हापूरला जायचा बेत केला. माझी बहीण, आमची आपा, चार दिवस धड जेवली नाही. तिनं त्याला माझ्याकडं पाठवलं. तो म्हणाला, "मामू, शंभरनं सुटलो तर अडीच तासांत कोल्हापूर. ऐंशीनं गेलो तर दिवस जाईल." मी त्याला उपदेश केला नाही, कागद-पेन्सिल दिली.

आकुर्डीहून कोल्हापूर साधारण २४० किलोमीटर. अख्खा रस्ता न थांबता ८० नं गेलं तर तीन तास. १०० नं गेलं तर दोन तास चोवीस मिनिटं. फरक छत्तीस मिनिटांचा. पण अख्खा रस्ता एका वेगानं कुणाला मिळतो? वाकडची गर्दी, चांदणी चौक, कात्रजचा बोगदा, खंबाटकी, मध्ये पुलांची कामं, गावांची तोंडं, चहा, पेट्रोल. आपला वेग आपण ठरवू शकतो असा मोकळा रस्ता जेमतेम निम्मा, म्हणजे १२० किलोमीटर. त्यावर ८० नं लागतात नव्वद मिनिटं आणि १०० नं बहात्तर. फरक उरला अठरा मिनिटांचा. शिवाय शंभरनं गेलेला माणूस आखडलेली मान मोकळी करायला एकदा जास्त थांबतो. ती अठरा मिनिटं त्या जादाच्या चहात बुडून जातात.

पोरगं हुशार आहे. कागदाकडं बघत म्हणालं, "मग मामू, मोठी गाडी घेऊन उपयोग काय?" हा प्रश्न मला आवडला, कारण पुष्कळांच्या मनात तो असतो. उपयोग हा, की लहान गाडी ज्या ८० ला धापा टाकत पोचते, त्या ८० ला मोठी गाडी गुणगुणत असते. तिला चढावर गिअर उतरवावा लागत नाही. तिच्यावर मागं आई बसली तरी ती कुरकुरत नाही. ताकद म्हणजे वेग नव्हे. ताकद म्हणजे त्याच वेगाला कमी कष्ट. पैलवान तालमीबाहेर सावकाश चालतो. त्याला कुणाला काही दाखवायचं नसतं.

कवितेच्या प्रांतात आम्हाला हे ओळखीचं आहे. गझलेच्या वृत्ताला उर्दूत 'वजन' म्हणतात. ओळ वजनात असली की म्हणणाऱ्याचा श्वास पुरतो, ऐकणाऱ्यालाही पुढचा शब्द कुठं पडणार ते आतून कळत राहतं. घाई केली की ओळ वजनातून जाते आणि पुढं सगळंच लंगडू लागतं. गाण्यातही विलंबित आहे, मध्यलय आहे, द्रुत आहे. द्रुत लय मैफलीच्या शेवटी थोडा वेळ शोभते. चार तासांची मैफल कुणी द्रुत लयीत करत नाही. द्रुतगती मार्ग आपल्याला बंद आहेत, त्याचं मला फारसं दुःख नाही. जड गाडीची जात मध्यलयीची आहे.

तुमच्या गाडीची मध्यलय मात्र तुम्हालाच शोधावी लागेल. त्यासाठी मोठी उपकरणं नकोत. निघण्यापूर्वी सकाळी, टायर थंड असताना हवा कंपनीनं सांगितली तेवढी भरा. मागं माणूस किंवा सामान असेल तर त्याप्रमाणं वाढवा. चेन सैल आहे का बघा. हेल्मेटचा पट्टा बांधा. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर ६० पासून पाच-पाचनं वर जा, फलकावरच्या मर्यादेच्या आत, आणि प्रत्येक पायरीवर काही किलोमीटर राहा. तीन गोष्टी तपासा. आरशात मागची गाडी स्वच्छ दिसते का? हँडल दोन बोटं सैल करून धरता येतं का, की लोंबकळावं लागतं? आणि हेल्मेटच्या आत स्वतःशी गुणगुणलेलं स्वतःला ऐकू येतं का? तिन्हींचं उत्तर हो असेल तोवर तुम्ही आरामाच्या वेगात आहात. पहिलं नाही आलं की पाचानं खाली. तोच तुमचा आकडा. मागं कुणी बसलं की त्यातून पाच-दहा वजा करा, पावसात वीस वजा करा, रात्री तो आकडा विसरून साठवर या. आणि कितीही बरं वाटत असलं तरी दीड तासाला एकदा उतरा, पाणी प्या, चार पावलं चाला.

चौघं मिळून निघाला असाल तर आणखी एक रीत पाळा. भाच्याला आणि त्याच्या दोस्तांना मी तीच सांगितली. सगळ्यांत लहान गाडी किंवा सगळ्यांत नवशिका चालवणारा असतो, त्याला पहिल्यांदा नव्हे, दुसऱ्या नंबरला ठेवायचं. पुढच्यानं आरशात त्याला बघत राहायचं, त्याच्या आरामाचा वेग तोच सगळ्यांचा वेग धरायचा, आणि सगळ्यांत मोठी गाडी सर्वांत शेवटी ठेवायची. जिच्यात ताकद जास्त, तिनं मागं राहून सगळ्यांना सांभाळून आणायचं.